पावणेआबा

आमच्या वाडीत त्यांना पावणेआबा म्हणतात. नवख्याला वाटतं, हा म्हातारा कायम कुणाकडे तरी पाहुणा म्हणून जेवायला बसलेला असणार. मालवणीत पाहुण्याला पावणो म्हणतात हे खरं. आबा कुणाच्या घरी वेळेवर पोचले तर जेवल्याशिवाय उठत नाहीत, हेही खरं. पण नाव पडलं ते त्यामुळे नाही. आबांना पुरता आकडा आवडत नाही, म्हणून पडलं. ते सुरमई घेतात ती पावणेदोन किलो. डॉक्टरला ताप सांगतात तो 'शंभरावर पावणेदोन'. नातवाचं वय विचारा, 'पावणेनऊ'. पुरता आकडा म्हणजे आळशी माणसाचा हिशोब, असं त्यांचं मत आहे.

ते माझे चुलते. आम्ही मुंबईचे चाकरमानी, मे महिन्यात आणि गणपतीत मालवणला उतरणारे. उतरल्या उतरल्या आबांचा पहिला प्रश्न प्रकृतीचा नसतो. 'गाडी किती उशिरा इली? आणि एकूण प्रवासाचो ह्यो कितवो हिस्सो?'

या सगळ्याचं मूळ शाळेत आहे. आबांच्या लहानपणी नुसते बे ते तीस पाढे येऊन भागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. एवढं सगळं चिंचेच्या फोकाखाली पाठ व्हायचं. रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट, त्यामुळे पाव आणि पाऊण यांवाचून बाजारात पाऊल टाकता येत नसे. आबा बारा वर्षांचे झाले, औटकी एकदाची जिभेवर बसली, आणि 1 एप्रिल 1957 रोजी सरकारने रुपयाचे शंभर नये पैसे केले. वाडीत बातमी आली तेव्हा कुणीतरी एप्रिल फूल करतंय असंच आबांना वाटलं. पुढच्या चार-पाच वर्षांत शेर आणि मणही गेले, किलो आले. सात वर्षांची मेहनत पाण्यात.

त्यातही त्यांचा खरा सल वेगळाच आहे. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण पाव पैशाचं नाणं कुठे होतं? आबांकडे तेव्हा एकच आणा होता, त्याचे दुकानदाराने सहा पैसे हातावर ठेवले. उरलेला पाव पैसा अजून येणे आहे. पडवीच्या भिंतीवर एका कोपऱ्यात पेन्सिलीने ते येणं लिहिलेलं आहे, शेजारी माडावर चढणाऱ्या पाडेलीच्या नारळांचा हिशोब, चार उभ्या रेघा आणि एक आडवी. घराला दोनदा रंग लागला, तेवढा कोपरा सोडून.

आता माझ्या मुलीबद्दल. गणिताचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायचं. आम्ही तिला रंगीत सरावपत्रिका आणल्या, बरोबर उत्तराला चांदण्या देणारं ॲप आणलं. पोटदुखी वाढली. चांदण्या मिळवण्यासाठी तिने ॲप फसवायचा एक मार्ग शोधून काढला होता. त्यातही खरं तर बऱ्यापैकी गणित होतं, पण ते तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. पहिलीची परीक्षा संपवून 2019 च्या मे महिन्यात तिला गावी नेलं, तेव्हा मी आबांना बाजूला घेऊन बजावलं, 'आबा, हिच्यासमोर गणिताचं नाव काढू नका.'

'माका काय गणित येता?' आबा म्हणाले. 'मी फक्त वाटे घालतंय.'

वाटे घालणं हा आबांचा जुना धंदा. तरुणपणी ते रापणीचे वाटे घालायचे. किनाऱ्यावर रापण ओढून काढली, मासळी विकली, की पैशाचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या माणसांचे वाटे. तिथे चुकलेला भागाकार लाल शाईने खोडून कुणी परत देत नाही. चुकणाऱ्याला चाळीस माणसांच्या मधून घरी चालत जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीने चुलीवर बिडाचा तवा ठेवला. नारळाच्या शेंडीने तेल फिरवलं, पीठ ओतलं, झाकण घातलं, आणि चुर्र आवाज थांबला की जाळीदार घावणे एकावर एक ताटात पडायला लागले. समोर आबांचे दोन नातू आणि माझी बाय, वाटीत नारळाचा गोड रस घेऊन. आबांनी ताट स्वतःकडे ओढलं. 'आठ घावणे, तीन तोंडां. बोला.'

'दोन-दोन,' थोरला म्हणाला.

'आणि उरले ते?'

कुणी काही बोलायच्या आत दोन घावणे रसात बुडून आबांच्या तोंडात गेलेही. 'भागाकारातली बाकी आबाची,' ते तोंड पुसत म्हणाले. 'ह्यो नियम असा.'

त्या नियमाने जे केलं ते चांदण्यांना जमलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अकरा घावणे झाले, आबांना पुन्हा दोन. चौथ्या दिवशी पोरं पहाटे उठून चुलीपाशी काकीच्या कानात कुजबुजताना दिसली. त्या दिवशी बरोबर नऊच झाले. आबांनी ताटाकडे पाहिलं, एक घावणा उचलून मांजराला घातला आणि म्हणाले, 'आठ घावणे, तीन तोंडां.' पाचव्या दिवशी पोरांनी आधी मांजराला कोंडलं. आठवडाभरात माझ्या मुलीला तीनचा पाढा तीसच्याही पुढे येत होता. सत्तावीस चालतात, अठ्ठावीस धोक्याचे, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिला पाढा येतो हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही, पोटात दुखेल म्हणून.

थोरल्या नातवाने एकदा बंड केलं. उरलेल्या दोन घावण्यांचे प्रत्येकी तीन तुकडे करू, म्हणजे सगळे खपतील. आबा क्षणभर गडबडले. मग म्हणाले, 'तीन तुकडे? पावकी असा, निमकी असा. तिसरकी खय असा, दाखय!' पोरगं गप्प झालं, आबांनी घावणे गिळले. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सगळं आयुष्य अर्ध्यात आणि चतकोरात काढलेल्या माणसाला कुणीतरी तिसऱ्या हिश्श्याने टोचलं होतं.

आबा ज्यांच्यापुढे नमून वागतात असं जगात एकच माणूस आहे, मालवणच्या बाजारातली त्यांची नेहमीची मासेवाली. शाळेचं तोंड न बघितलेली. आबा पाऊणकीवरून सवायकीवर जाईपर्यंत तिने वाट्याचा भाव, त्यातले बांगडे, सुटे पैसे आणि आबांचा चेहरा या चौघांचा मेळ घालून पिशवी हातात दिलेली असते. तिच्याकडे बाकी उरत नाही. मी एकदा तिथे फोन काढून बेरीज करायला लागलो, तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सोलकढी पाकिटातून ओतून प्यायलो.

जूनमध्ये बाय दुसरीत गेली आणि बालभारतीचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीसला 'वीस एक' म्हणायचं होतं, बासष्टला 'साठ दोन'. आकडा लिहितो तसाच वाचला तर पोरांना सोपं जातं, असं गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. नारळीकर बाईंचं 'गणितगप्पा' माझ्या कपाटात आहे, मुलांशी गप्पा मारता मारता गणितात शिरायची त्यांची हातोटी मला ठाऊक होती, म्हणून मी गप्प होतो. गणपतीला गावी गेल्यावर मात्र भडका उडाला. काकीने नैवेद्याचे मोदक काढले आणि बायने मोजून सांगितलं, 'वीस एक.'

'देवाक वीसएक मोदक?' आबा ओरडले. 'म्हणजे अंदाजान? एक कमी की एक जास्त?'

ती रडवेली झाली. आबा तणतणत पडवीत जाऊन बसले. एकोणपन्नास म्हणताना पन्नासातून एक वजा होतो, पावणेचार म्हणताना चारातून पाव वजा होतो, मराठी माणूस बोलता बोलता वजाबाकी करतो, आणि हे लोक ती काढून घेणार, असं काहीबाही चाललं होतं. (याच मराठी माणसाला साडेएक आणि साडेदोन म्हणता येत नाही, दीड आणि अडीच लागतात, हे मी आतल्या आत म्हणालो. वडीलधाऱ्यांना सणाच्या दिवशी किती त्रास द्यावा याला मर्यादा आहे.) अर्ध्या तासाने आबा आत आले. आवाज बदललेला. 'माझी आवस नारळ मोजी तेव्हा काय म्हणी? तीन इसां नि पाच. पासष्ट नाय म्हणी कधी.' मग देवाकडे बघून म्हणाले, 'म्हणजे आमची आवस बालभारतीच्या पुढे होती तर!' मोदक तेवढे एकवीसच राहिले.

आमचा गणपती दीड दिवसाचा, पंचमीला विसर्जन. विसर्जनाची वेळ आबा ठरवतात. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिथी बघायची आणि पाऊणकी म्हणायची. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पंचमीला भरती पावणेचारला पुरी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हा सगळ्यांचाच ठोकताळा. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज पुढे पुढे सरकते, तिथीला पाऊण तास धरायचा. 1973 साली कालनिर्णय काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, त्यामुळे आबा छाती फुगवून सांगतात, 'तिथी आमच्या गाववाल्याची, पाणी दर्याचा, पाढो माझो.'

पावणेचारला मूर्ती घेऊन किनाऱ्यावर गेलो, तर पाणी कधीच भरून ओसरायला लागलं होतं. ओल्या वाळूचा चांगला रुंद पट्टा उघडा पडलेला. वाजंत्री थांबली. सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी समुद्राकडे तुच्छतेने पाहिलं. 'दर्याक आज घाई असा.'

ठोकताळा तो ठोकताळाच. पाण्याचा खरा उशीर रोजचा साधारण पन्नास मिनिटांचा, तोही सगळ्या तिथींना सारखा नाही, आणि प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी. हे मी सांगायला गेलो असतो तर व्याख्यान झालं असतं. पोरांनी दुसऱ्या दिवसापासून वाळूत काठी रोवली, घड्याळ बघून वहीत वेळा लिहिल्या आणि तीन दिवसांनी जाहीर केलं की आपल्या किनाऱ्यावर आबांचं उत्तर मागे ओढावं लागतं. आबांनी वही उलटसुलट बघितली. 'आधी सांगूचा मा,' एवढंच म्हणाले, आणि भिंतीवर पाव पैशाच्या खाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा घावणे. आठ. आबांनी ताट ओढलं. 'आठ घावणे, तीन तोंडां. बोला.'

'चार तोंडं,' बाय म्हणाली.

'चौथा कोण?'

'आजी. तुम्ही तिला कधीच मोजत नाही. दोन-दोन.'

काकीने तव्यावरून मान वळवली. आबांनी ताटाकडे पाहिलं, मग एकेका तोंडाकडे, मग परत ताटाकडे. दोन-दोन घावणे उचलले गेले. ताट रिकामं.

'आणि मी?'

'तुमची बाकी असते ना, आबा?' ती रस ओढत म्हणाली. 'बाकी शून्य.'

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. काकीने पातेलं खरवडून जेवढं पीठ निघालं तेवढं तव्यावर ओतलं. घावणा पुरता गोल झालाच नाही, एका अंगाने चतकोर कमी पडला. तो तिने आबांच्या ताटात टाकला.

'घेवा,' ती म्हणाली. 'पाऊण.'