पाह्यलं कुणी, सांगितलं कुणी

अहो वहिनी, ऐकलंत का? ते कपडे राहू द्या हो, वाळतात आपोआप. आधी इकडे भिंतीजवळ या. समोरच्या निळ्या गेटवाल्या काकांना पाहिलंत का सकाळपासून? नाही ना? तेच म्हणते मी. पाऊस असो, बंद असो, दत्त चौकापर्यंत पायी जाऊन येणारा माणूस, आणि आज गेटबाहेर पाऊल नाही. तुम्हाला वाटेल बीपी. बीपी नाही हो. काकू बोलल्या.

हो, आपल्या काकू! ज्यांचा आवाज आपण हळदीकुंकवाला सुद्धा धड ऐकला नाही, त्या.

मी होते ना तिथे. विरजण मागायला गेले होते. हसू नका, खरंच संपलं होतं विरजण. तर दार उघडं, हॉलमध्ये सगळं घर जमलेलं, आणि मधोमध त्यांची नात, ती कॉलेजातली हो, स्कूटीवाली, मान ताठ करून उभी. काय, तर कुस्तीच्या क्लासला नाव घालून आली. मॅटवरची कुस्ती. फी पण भरून आली. आता काकांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगू. "आपल्या घरच्या पोरी आखाड्यात उतरतील? लोक काय म्हणतील?" इथून सुरुवात, आणि मग गाडी लगेच त्यांच्या आवडत्या रुळावर. "कुस्ती म्हणजे काय ते आम्ही पाहिलंय. तुम्हा बायकांना त्यातलं काय कळतं!"

सुनेनं माझ्याकडे बघितलं, मी सुनेकडे. काकांच्या कुस्तीच्या आठवणी सुरू झाल्या की अख्ख्या गल्लीला पाठ आहेत त्या. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात राहून आले, ते एक. ते मंडळ १९१४ सालचं, तिथली मुलं १९३६ला बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली, हे काका असं सांगतात की जसं काही बॅग यांनीच उचलली होती. जन्म तरी झाला होता का यांचा?

मग दारासिंग. दारासिंगशिवाय काकांचं पान हलत नाही. पंजाबातल्या धरमूचकचा गडी आणि समोर तो हंगेरीचा किंगकाँग, दोनशे किलोच्या घरातला. काका म्हणतात, "आपल्या जिनिंगमधली कापसाची गाठ १७० किलोची. त्याहून जड माणूस, आणि दारासिंगनं डोक्यावर उचलून रिंगबाहेर टाकला!" हे सांगताना ते हात असे वर करतात आणि दर वेळी काकू पंखा बंद करतात. आणि १९६८ सालच्या मे महिन्यात मुंबईला त्या अमेरिकन लू थेझला दारासिंगनं पाडलं, वर्ल्ड चॅम्पियन झाला, तेव्हा काका म्हणे स्वतः तिथे हजर. आता त्या काळी शकुंतला गाडीत बसून मूर्तिजापूर गाठायचं, तिथून मोठी गाडी पकडायची... जाऊ द्या. गेले असतील.

एक मात्र मानते मी. दारासिंगचं वेड आमच्याही घरी होतं. १९८७ला रामायण लागलं आणि हनुमान म्हणून तो पडद्यावर आला तेव्हा आमच्या सासूबाई टीव्हीला हात जोडायच्या, आणि शेजारून कुणीतरी हमखास म्हणायचं, "वं माय, हा तर तो पहिलवान!" पुढे माझा मुलगा त्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांपायी अभ्यास सोडून बसायचा. अंडरटेकरची उंची तोंडपाठ, सतराचा पाढा येत नाही. २००७ला तो खली जिंकला तेव्हा आमच्याकडे... पण ते राहू द्या, ते टीव्हीतलं. त्यात ना माती, ना डफडं.

तर काय सांगत होते? हां, माती.

खरी मजा आपल्याकडच्या दंगलीची होती की नाही, सांगा. कोल्हापूरवाल्यांचं बरं, त्यांना शाहू महाराजांनी १९१२ सालीच खासबाग बांधून दिलं. आपल्याकडे कुठलं आलं मैदान? पऱ्हाटी निघालेलं एखादं वावर, नाहीतर जत्रेच्या देवळामागची मोकळी जागा. आपली काळी माती पडली ढेकळांची, पाठ फोडून काढेल. म्हणून नाल्याकाठची मऊ माती आणायची, चाळायची, त्यात तेल, हळद, ताक, लिंबू. घरातली हळद कशी संपली ते बायकांना त्या दिवशी कळायचं! मग दुपारपासून डफडं सुरू. आधी लेकरांच्या कुस्त्या, नारळावरच्या. मग जोड लागायची, पंच फेटेवाले, खडाखडी, शड्डू, आणि जिंकला की तो पहिलवान अंगाला माती तशीच घेऊन फेटा पसरून गोल फिरायचा. लोक रुपया, दोन रुपये टाकायचे. जो हरला त्याच्याही हातावर कुणी म्हातारा काहीतरी ठेवायचा, "खाय बाप्पा, पुढच्या साली ये" म्हणून.

आणि बायका? बायकांना मनाई. असं आपलं म्हणायचं. माझी दिग्रसची आत्या सांगायची, जत्रेला बंड्या लागायच्या ना ओळीनं, बैल सोडलेले, तट्टे उभे, त्या तट्ट्याच्या फटीला डोळा लावून सगळ्या. वर तोंडानं "शी बाई, लंगोटावरचे बाप्पे काय पाह्यचे" आणि आत कुणी धोबीपछाड मारला, कुणी पट काढला, कुणाची पाठ पूर्ण लागली आणि कुणाचा एकच खांदा टेकला, सगळं ठाऊक. पुरुषांना नसायचं दिसत तितकं. ते पुढे बसून भांडायचे की झाली चितपट, नाही झाली चितपट. बंडीत निकाल आधीच लागलेला असायचा. आमच्या आत्याला तर नुरा कुस्ती लांबूनच ओळखू यायची. म्हणायची, "दोघे सुपारी घेऊन आलेत, पाहा, एकमेकाले दुखू देत नाहीत."

तर नुरावरूनच खरं वादाला तोंड फुटलं काल.

सून शाळेत शिकवते ना, तिनं गपचूप मोबाईल काढला. म्हणाली, "बाबा, ही बघा हमीदा बानू." २०२४च्या मे महिन्यात ४ तारखेला गुगलनं नाही का तिचं चित्र लावलं होतं? मला तर ठाऊक नव्हती हो ही बाई, आणि ऐकत गेले तशी मी खुर्ची ओढूनच बसले. मिर्झापूरची पोर, अलीगढला जाऊन पहिलवान झाली. उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे तुमच्याएवढीच, आणि वजन १०८ किलो. रोजचं दूध साडेपाच लिटर! वर कोंबडी, मटण, अंडी, बदाम, लोणी, बिर्याणी. आपल्या दूधवाल्यानं हात जोडले असते. आणि १९५४ साली तिनं जाहीरच करून टाकलं की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन.

हे ऐकल्यावर काकांचा चहा कपात थांबला.

मग काय, आले ना गडी. एक पटियाळ्याचा, एक कलकत्त्याचा, दोघं पडले. बडोद्याला तर ज्याच्याशी ठरली होती त्यानं ऐनवेळी सांगितलं, बाईशी लढणार नाही. मग बाबा पहिलवान म्हणून दुसरा उभा राहिला, तो एक मिनिट चौतीस सेकंदात खाली. मुंबईला रशियाची व्हेरा चिस्टिलिन आली, तिला तर मिनिटसुद्धा लागलं नाही.

"नुरा असेल," काका म्हणाले. शांतपणे. कप खाली ठेवून.

आता सून काही कमी नाही. म्हणाली, अगदी हेच बोलले होते, बाबा, लोक तेव्हा. कोल्हापुरात तिनं एका पंजाबी पहिलवानाला पाडलं तर पब्लिकनं दगड मारले, पोलिसांना मधे पडावं लागलं. पुढे तिच्या कुस्त्यांवर बंदी आली, तिनं थेट मोरारजी देसाईंकडे तक्रार नेली, ते मुख्यमंत्री होते ना मुंबई राज्याचे. त्यांचं उत्तर काय, तर बाई आहे म्हणून बंदी नाही, कुस्त्या भरवणारे तुझ्यासमोर डमी उभे करतात अशी तक्रार आहे. आता डमी उभे करत असतीलही, मी काय बघायला गेले होते? पण दारासिंगच्या त्या रिंगमधल्या फ्री-स्टाइलवर शंका घेतली की हेच काका आठ दिवस बोलत नाहीत. बाप्या जिंकला की डाव, बाई जिंकली की नुरा. हे मी मनात म्हटलं हो. मोठ्यानं नाही. विरजण घ्यायचं होतं ना अजून.

पण पुढचं ऐकून मला कसंतरीच झालं, वहिनी. तिला युरोपात जाऊन लढायचं होतं म्हणे. ते काही तिच्या वस्तादाला रुचलं नाही. मारहाण झाली, हात मोडले, असं तिच्या नातवानंच सांगितलंय. आणि मग ती राहिली कुठे माहितीये? कल्याणला! आपल्या कल्याणला. म्हशी ठेवून दूध विकायची, रस्त्यावर खायचं काहीबाही विकायची. साडेपाच लिटर दूध पिणारी बाई, लोकांना मोजून घालत होती. १९८६ साली गेली. माझी मावसबहीण तेव्हा कल्याणलाच होती, मी कालच फोन करून विचारलं. तिला काही पत्ता नाही. तिला शेजारी कोण राहतं तेसुद्धा ठाऊक नसतं कधी.

हॉल एकदम गप्प. तेवढ्यात नात म्हणाली, "आणि आजोबा, २०२३ला सांगलीत बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली. फायनलला समोर कोण होती? वैष्णवी पाटील. कल्याणची!"

काका उठलेच. त्यांना कोपऱ्यात धरलं ना की ते आपली स्वतःची कुस्ती काढतात. झालं, सुरू. जवळा की कुठली ती जत्रा, तरुणपणची. समोरचा केवढा दांडगा, अर्धा तास खडाखडी, दोघांचंही अंग रक्ताळलेलं, शेवटी पंचांनी हात वर करून जोड बरोबरीत सोडवली. आपण सगळ्यांनी किती वेळा ऐकलीये! गणपतीत तर एकदा माईकवर ऐकलीये.

आणि काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "बरोबरीत नव्हती सुटली."

अहो, पंख्याचा आवाज येत होता नुसता. काकांना वाटलं चुकून ऐकू आलं. काकू हात पुसत बाहेर आल्या, नातीजवळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "धोबीपछाड बसला होता. पहिल्याच धडकीले. तुम्ही त्याले हात खांद्यावर घेऊ दिला, तिथंच गेली कुस्ती. तो वळला अन् तुम्ही पाठीवर. डफडंवाल्यानं दुसरा ठेकाबी नव्हता धरला."

काकांचा चेहरा! वहिनी, मला आता सांगतानासुद्धा... आधी लाल, मग पांढरा, मग काय रंग तो मला सांगता येत नाही. "तुला कुणी सांगितलं?" इतकंच निघालं तोंडातून.

"सांगितलं कायले? पाह्यलं ना. बंडीत होते मी."

लग्नाआधीचं हो हे! काकूंचं माहेर दारव्ह्याकडचं, तिकडूनच जत्रेला आले होते सगळे. सून तर मटकन खालीच बसली. नातीला हसू आवरेना. ती म्हणते, "आजी, हरलेला पाहून पण तू लग्न केलंस? हमीदा बानूचं तर उलटं होतं!"

काकू लाजल्या. खरंच, मी पाहिलं, या वयात लाजल्या. म्हणाल्या, "मले कोण इचारते? आमच्या बाबानं पाह्यलं. हा पडला, उठला, माती झटकली, अन् ज्यानं पाडलं त्याच्या गळ्यात हात टाकून हसला. बाबा तिथंच आईले म्हणाला, हा पोरगा घरात हात उचलणार नाही, याची चौकशी करू." आणि नातीच्या खांद्याला धरून तिला वळवून दाखवलं की हात वर घेतला की आपण कुठे सरकायचं. पदर खोचून! मी विरजणाची वाटी हातात तशीच घेऊन उभी.

काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. सोफ्याच्या काठावर बसले, चष्मा काढला, परत घातला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे तुमच्या घरचे सगळेच होते तिथं?"

"सगळे कुठले," काकू म्हणाल्या. "म्हातारी घरी होती. म्हशीजवळ."