सहा मिनिटांचा हिशेब

वसईत पापडीच्या बाजूला जुन्या घराची ओटी, तिथे झाकण काढून ठेवलेला स्पूल टेपरेकॉर्डर आणि त्यात मान घातलेले गृहस्थ दिसले, की समजावं, हेच ते काका. त्यांना गाण्याची भारी आवड, असा गावाचा समज आहे. काकांनी एक गाणं सलग ऐकल्याचं कुणाला आठवत नाही. ते फक्त बिघाड ऐकतात.

आपण बँड ऐकण्यात गुंग असतो आणि काका हात वर करतात, "थांब! ऐकलंस?"

"क्लॅरिनेट ना?"

"क्लॅरिनेट कसलं, पिंच रोलर!"

आवाज बसका आला तर हेडवर मळ, थरथरला तर रबर कडक झालेलं आणि टेप किंचाळली तर वसईची दमट, खारी हवा. हेड पुसलेला बोळा तपकिरी निघाला की त्यांचा चेहरा उजळतो. तो टेपवरचाच थर झडतोय, याचं दुःख नंतर. आधी निदान बरोबर ठरलं! पट्टा आणायचा तर लॅमिंग्टन रोडवरून. सोबत टेप असली तर लोकलच्या मोटरच्या डब्यात चढायचं नाही, चुंबकानं रेकॉर्डिंग पुसलं जाईल. (विरार गाडीत डबा निवडता येतो असं मानणारा तालुक्यातला हा एकमेव माणूस.)

यंत्र जपानी, सत्तरच्या दशकात थोरल्या भावानं सौदीहून आणलेलं. त्यावर बहिणीच्या लग्नाची टेप घरचे वर्षानुवर्षं ऐकत आले, कुणाची तक्रार नव्हती. काकांनी एकदा घड्याळ लावलं. बाराशे फुटांचं स्पूल, सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे 32 मिनिटांत संपायला हवं. संपलं 38व्या मिनिटाला.

ही वरची सहा मिनिटं आली कुठून? काकांचं जेवणात लक्ष लागेना. अखेर छडा लागला. सौदीतली वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची. मोटर विजेच्या तालावर फिरणारी, म्हणजे इथे सहाव्या हिश्शानं मंद. त्यासाठी पुलीवर दोन खाचा दिलेल्या होत्या आणि पट्टा सौदीहून आला तसा 60च्याच खाचेत होता. काकांनी तो 50च्या खाचेत सरकवला आणि घरादाराला ओटीवर बोलावलं.

टेप लागली. फादर शाळकरी पोराच्या आवाजात घाईघाईनं मंगल उरकू लागले. मांडवातल्या बायका पांढरी पाचवरून थेट काळी पाचला चढल्या. बँड तर कुत्रं मागे लागल्यागत सुटला. कारण उघड होतं. लग्नाचं रेकॉर्डिंगही याच यंत्रावर, त्याच चुकीच्या खाचेत झालेलं. इतकी वर्षं एक चूक दुसरीला सांभाळून घेत होती.

"सरकवा बघू तो पट्टा परत," काकू हसू आवरत म्हणाल्या.

"म्हणजे चांगलं यंत्र मुद्दाम बिघडवू?"

"अहो, पण फादरांचा आवाज..."

"यंत्र आता बरोबर आहे," काकांनी स्क्रू आवळत बजावलं. "तुम्ही लोकांनी लग्नच हळू लावलंत."