लेन दिसल्यास कळवावे

केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती सुचवणारा जो मसुदा मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चालकाखेरीज आठांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या गाड्यांना आणि साडेतीन टनांवरील मालवाहनांना काही इलेक्ट्रॉनिक उपकरणे सक्तीची करण्याचा प्रस्ताव आहे. समोर अडथळा आल्यास आपोआप ब्रेक लावणारे, चालकाला डुलकी लागल्यास सावध करणारे आणि गाडी आपली लेन सोडून सरकू लागल्यास इशारा देणारे, अशी ही उपकरणे होत. पहिल्या दोहोंबद्दल वाद संभवत नाही. तिसरे मात्र कुर्ल्याच्या संदर्भात स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरते, कारण लेन सोडण्यासाठी ती आधी असावी लागते.

लेन म्हणजे रस्त्यावर रंगाने आखलेल्या दोन समांतर पट्ट्यांमधील, वाहनांची एकच रांग जाऊ शकेल अशी जागा. ही व्याख्या येथे मुद्दाम द्यावी लागते, कारण लालबहादूर शास्त्री मार्गावर कमानी ते कल्पना टॉकीज हे अंतर रोज कापणाऱ्या प्रौढ नागरिकालाही ती ऐकीवच असण्याचा संभव आहे. समोरच्या काचेमागे बसवलेला कॅमेरा हे पट्टे शोधतो आणि सिग्नल न देता गाडी पट्ट्यावर चढू लागली की चालकाच्या कानाशी घंटा वाजवतो किंवा त्याचे स्टिअरिंग थरथरवतो. अशा उपकरणांसाठीच्या 130 क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याची चाचणी सपाट, कोरड्या, मोठे खड्डे वा भेगा नसलेल्या डांबरी किंवा काँक्रीटच्या पृष्ठभागावर घ्यायची असते, आणि पट्टे सुस्थितीत असावे लागतात. सपाट, कोरडा, खड्डे नसलेला आणि वर पट्टे सुस्थितीत, हे वर्णन वाचून कुर्ल्यातील सुजाण वाचक नियमकर्त्यांच्या कल्पनाशक्तीला दाद दिल्याशिवाय राहणार नाही.

त्याच नियमात आणखी एक तरतूद आहे. ताशी 60 किलोमीटरच्या वर हे उपकरण जागे असलेच पाहिजे. त्याखाली जागे राहण्याची सक्ती त्याच्यावर नाही. कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेला सु. गो. बर्वे मार्गावर सायंकाळी ज्या वेगाने बस सरकते तो मोजण्यास किलोमीटरचे परिमाण जरा मोठेच पडते. इंग्लंडमध्ये 1865 साली यांत्रिक वाहनांसाठी जो कायदा झाला, त्यात शहरातील वेग ताशी दोन मैलांवर, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोमीटरवर बांधला होता आणि वाहनापुढे 60 यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालत असावा असा दंडक होता. त्यातील वेगाचे कलम कुर्ला आजही निष्ठेने पाळते. निशाणवाल्याचे तेवढे अशक्य आहे, कारण बसपुढे 60 यार्ड सोडाच, सहा फूटही मोकळे सापडत नाहीत. तेव्हा लेनचा इशारा देणारे हे महागडे उपकरण कुर्ल्यात शिरताच कायदेशीररीत्या झोपी जाईल आणि त्याला जागे करणारे उपकरण मसुद्यात सुचवलेले नाही.

याच कुळातील दुसरे एक उपकरण याच्या उलट वागणारे आहे. थांबलेली गाडी निघताना चालकाला न दिसणारा पादचारी वा सायकलस्वार अगदी पुढ्यात असल्यास ते सूचना देते, आणि त्याचे कार्यक्षेत्र शून्य ते दहा किलोमीटर इतक्याच वेगाचे, म्हणजे नेमके कुर्ल्याचे, आहे. स्थानकाबाहेर उभ्या बसपुढून शेअर रिक्षाच्या रांगेत घुसू पाहणारा कारकून, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, हातगाडी ओढणारा हमाल, शाळेची दोन मुले आणि त्यांच्यामागे त्यांची आई असे सगळे एकाच वेळी जात असताना हे उपकरण एकदा वाजू लागले की डेपोत परतेपर्यंत थांबणार नाही. पण ही माणसे बसपुढे का आहेत? पदपथ असलाच तर त्यावर दुकानाचा माल, स्टॉल आणि उभ्या दुचाकी असतात म्हणून. हे कळण्यास कॅमेरा लागत नाही, रडार लागत नाही. डोळे लागतात आणि थोडी लाज लागते. झेब्रा पट्टे मारले जातात, पंधरवड्यात कोणाची तरी केबल टाकायला तोच रस्ता उकरला जातो, चर बुजवताना वर डांबराचे ठिगळ बसते आणि पट्ट्याचा जेवढा तुकडा उरतो तो जुलैत शीतल सिनेमापाशी गुडघाभर पाण्याखाली जातो. हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालू असताना, पाण्याखालची रेषा दिसली नाही म्हणून उद्या दोष मात्र यंत्राला किंवा बारा तास स्टिअरिंग धरलेल्या माणसाला द्यायचा, याला नियमन म्हणत नाहीत, अंग काढून घेणे म्हणतात.

स्वयंचलित वाहनांची जी सहा पायऱ्यांची श्रेणी जगभर वापरली जाते, तीत 0 म्हणजे सर्व काही माणसाने करायचे आणि 5 म्हणजे माणसाची गरजच नाही. केवळ इशारा देणारी वरील उपकरणे शून्याच्या पायरीवरच मोडतात. रस्त्यांसाठी अशी श्रेणी कोणी केलेली नाही. केली असती तर बैलबाजारापासून पुढे उणे आकडे लिहावे लागले असते. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 2 ब संशोधनासाठी काही प्रकारच्या वाहनांना कायद्यातून सूट देण्याची मुभा देते, तेव्हा प्रयोगाची गाडी सुटू शकते. तिच्यापुढे रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला अशी कोणतीही सूट नाही.

त्याच दुरुस्तीतील कलम 198 अ फारसे चर्चेत नसते. रस्त्याचे आरेखन, बांधकाम वा देखभाल यांचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेस वा कंत्राटदारास दंड होऊ शकतो, आणि त्याची कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे. बसला लेन शिकवण्याआधी या कलमाची अंमलबजावणी करणाऱ्यांनी कुर्ला पश्चिमेला एक पट्टा आखावा आणि तो एक पावसाळा टिकवून दाखवावा.