फांदीखालचा देशभक्त

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हरसूलच्या माणसाला दोनच कामं असतात. आवणी करायची, नाहीतर आवणीला कोण येतंय ते शोधत फिरायचं. अशा दिवसांत गावाबाहेर पडायला कारण भक्कम लागतं. लग्न चालत नाही, दुखणं तर अजिबात चालत नाही. मी देशाचं कारण पुढे केलं.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये आपण दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटीचा विश्वचषक घेतला. मग तिकडे बेरिल चक्रीवादळ आलं, विमानतळ बंद पडला आणि विश्वविजेते हॉटेलात अडकून बसले. ३ जुलैला रोहित शर्माने जाहीर केलं, की उद्या संध्याकाळी ५ वाजता मरीन ड्राइव्हला या. त्या दिवशी आमच्याकडे नेमकी रेंज होती. २००७ साली धोनीचा संघ उघड्या बसमधून विमानतळावरून वानखेडेला गेला, तेव्हा आमचा भात निसवत होता आणि डुकरं हाकायला मी होतो. देशाला दुसऱ्यांदा नाही म्हणवेना.

"रोहितने बोलावलंय," मी आईला म्हटलं.

"त्याची आवणी उरकली का?" आई म्हणाली आणि राबातली रोपं उपटायला परत वाकली. थोड्या वेळाने वाकूनच म्हणाली, "बाबांची छत्री ने. पण परत आण."

एसटीने नाशिक, जीपने कसारा, पुढे लोकल. नाशिकला मी पांढरेशुभ्र बूट घेतले आणि दोन्ही गालांवर तिरंगा काढून घेतला. टीव्हीवाले कॅमेरा गर्दीवरून फिरवतात तेव्हा कोणावर थांबवतात, याचा माझा बराच अभ्यास होता. कल्याणच्या आत गालावरच्या घामाने केशरी आणि हिरवा एक केला. समोरच्या बाईंनी आपलं पोर मांडीवरून पलीकडच्या मांडीवर घेतलं.

सीएसएमटीहून चालत निघालो. वाटेत हुतात्मा चौक लागला. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच भागात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या लढ्यातल्या १०६ हुतात्म्यांचं हे स्मारक. मुंबई महाराष्ट्रात आहे ती त्यांच्यामुळे, आणि मी बिनधास्त मुंबईला आलो तोही त्यांच्यामुळेच. क्षणभर थांबून हात जोडावेत म्हटलं, तर मागून आवाज आला, "ओ काका, चला ना, कोहली जाईल!" मी चालता चालताच हात जोडले. कोहली कुठेच जाणार नव्हता. त्याचं विमानही अजून मुंबईत यायचं होतं.

मरीन ड्राइव्हला पोचलो तेव्हा समुद्र नुसता ऐकू येत होता. ५ वाजले, ६ वाजले. खेळाडूंना न्यायला निघालेली रिकामी बसच गर्दीत अडकली आणि लोकांनी त्या रिकाम्या बसचाच जयजयकार केला. मीही केला. शेजारच्याने विचारलं, "दिसले का?" मी हो म्हणालो.

मला जागा मात्र झकास मिळाली होती, अगदी दुभाजकाला टेकून. तेवढ्यात रुग्णवाहिका आली. आणि काय सांगावं, जिथे सुई टोचायला जागा नव्हती तिथे रस्ता फाकला! इतकी माणसं एकमेकांच्या अंगावर रेलत मागे सरली आणि गाडी सुरळीत निघून गेली. मुंबईकरांचा मला मनापासून अभिमान वाटला. वाटला तेव्हा मी पाक मागे, एका झाडाखाली, एका बुटावर उभा होतो. गुडघाभर चिखलात माझ्या पायातलं कधी काही गेलं नाही. चिखलात मी अनवाणी असतो, हा भाग वेगळा.

झाडावरून पाणी, पानं, काटक्या असं काहीबाही पडायला लागलं. मला वाटलं, माकड असेल. मी छत्री उघडली. आणि साडेसातनंतर कधीतरी बस आली. सगळे ओरडले. पहिले "रोहित, रोहित" आणि लगेच "छत्री, छत्री!" मी बंद करायला गेलो, तर कळ अडकली. जोर केला तसा कापड उलटं झालं आणि एक काडी पुढच्या माणसाच्या टीशर्टात घुसली. त्याच्या पाठीवर १८ नंबर होता. विश्वविजेते गेले तेव्हा मी त्या कोहलीला माझ्या छत्रीतून सोडवत होतो.

एनसीपीए ते वानखेडे जेमतेम दोनेक किलोमीटर. बसला तासाहून जास्त लागला, मला त्याहून जास्त. ३३ हजारांचं स्टेडियम केव्हाच भरलं होतं. म्हणून बाहेर एका पानवाल्याच्या मोबाइलवर मी पुढचा सोहळा बघितला. वंदे मातरम् आधी भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि थोड्या वेळाने मोबाइलमधून. कोणत्या आवाजाबरोबर म्हणायचं ते कळेना, म्हणून मी दोन्हींबरोबर म्हटलं.

परतताना रस्त्यावर चपलांचा नुसता सडा पडला होता. पांढरा बूट काही सापडला नाही. एक लेडीज सँडल पायात बसली.

दुसऱ्या दिवशी बांधावर पुतण्याने व्हिडिओ लावला. तोवर तो अख्ख्या देशाने बघितला होता. फांदीवर आडवा झालेला एक माणूस, हातात मोबाइल, आणि खालून जाणारे खेळाडू त्याच्याकडे थक्क होऊन बघतायत. पुतण्याने चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं. अगदी कोपऱ्यात, फांदीखाली, एक काळी छत्री उलटी झालेली.

"काका, हे तुम्ही!"

आवणीतल्या बाया चिखलाच्या हातांनी भोवती गोळा झाल्या. मी नको नको म्हणत फोन त्यांच्याकडे वळवून धरला. आईनेही डोळे बारीक करून पाहिलं.

"छत्री तीच आहे," ती म्हणाली. "कुठाय?"