डोंगराला पाणी किती?

सानगडीत डोंगर नाही, असं म्हटलेलं गावात कोणालाच आवडत नाही. किल्ला आहे की! सहानगड या नावाने तो पुस्तकांत सापडतो, नागपूरकर भोसल्यांच्या काळाशी त्याचं नातं सांगतात आणि मुख्य म्हणजे तो टेकडीवर आहे. टेकडी इतकी बेताची, की आता दम लागेल असं वाटेपर्यंत माणूस वर पोचलेला असतो. बाकी चहूकडे धानाच्या बांध्या. एवढ्या सपाटीत राहणाऱ्याला कपाळाएवढी उंचीसुद्धा गड वाटते, त्याला काय करणार!

पण लेकरांच्या हातात आता मोबाइल आहे. त्यात ढगांत बुडालेले सुळके असतात, पाठीवर पिशव्या अडकवलेली तरुण मंडळी असते आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्या असतात. १६४६ मीटर! हा आकडा आमच्या घरात पाठ झालेला आहे. धानाची मळणी आटोपली आणि हातात थोडा पैसा आला, की जानेवारीत घरात बैठक बसते. लेकरं चिखलदऱ्यापासून सुरुवात करतात. विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण ते, पण पार अमरावतीच्या टोकाला, मेळघाटात. एका दिवसात तिथे जाऊन परत येणारी गाडी अजून निघालेली नाही. मग नागझिऱ्याचं नाव निघतं, पण तिथल्या सफारीच्या गाडीत बोलायची मनाई, म्हणजे आमची मंडळी पहिल्या फाटकातच बाद. शेवटी नवेगावबांध ठरतं. ते ठरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बैठक झाल्याशिवाय निघालो तर निघाल्यासारखं वाटत नाही.

निघण्याचा खरा मुहूर्त भातावर अवलंबून. माझ्या मायच्या मते भाताशिवाय जे पोटात जातं तो नाश्ता. त्यामुळे पुऱ्या, वडे, आलू-वांग्याची भाजी आणि ठेचा झाल्यावरही भाताचा गंज गाडीत चढतो आणि फडक्यात बांधून भाटव्यांच्या मांडीवर बसतो. भाटवे घरचे जावई, त्यामुळे समोरची सीट त्यांची. आणि समोरच्या सीटवर धक्के कमी बसतात, म्हणून गंजही त्यांचाच.

नवेगावचे डोंगर लांबून दिसू लागले की गाडीत दोन पक्ष पडतात. लेकरं माथा बघतात. मोठी माणसं पायथा बघतात, कारण पायथ्याशी तलाव आहे. "औंदा पानी किती हाय?" हा प्रश्न गाडी थांबायच्या आधीच काचेतून बाहेर जातो. आधी मला वाटायचं, की शेतकऱ्याला निसर्गसौंदर्याची आवड कमी. आता वाटतं, की तो डोंगराकडे त्याच्या मूळ कामाच्या बाजूने बघतो. सह्याद्रीत डोंगर चढायला असतो, त्यावर किल्ला बांधायला असतो. आमच्या या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, डोंगर पाणी अडवायला असतो.

हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं जुन्या नोंदी सांगतात. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात त्यात कोहळी समाजाचा मोठा हात आहे. या माणसांची नजर काही वेगळीच असली पाहिजे. तुम्ही-आम्ही दोन डोंगर बघतो. त्यांनी मधली फट बघितली. पावसाळ्यात पाणी त्या फटीतून पळून जातं, तेव्हा तेवढीच मातीने बुजवायची, बाकीची भिंत देवाने आधीच बांधून ठेवली आहे! डोंगराच्या खिंडीत पाळ घातली आणि मागे १०-१२ चौरस किलोमीटरचं पाणी उभं राहिलं. तेही यंत्राशिवाय, फावडं, टोपली आणि माणसांच्या रांगेवर. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. या बहिणींनीच कोलू पाटलाला बांधकामात मदत केली आणि काम झाल्यावर तो स्वतः कोलासूर नावाचा देव झाला, अशी कथा आहे. पाटबंधाऱ्याचं काम पूर्ण केल्याबद्दल माणसाला देवपण मिळाल्याचं हे उदाहरण आजच्या ठेकेदारांना कोणी सांगत का नाही, कळत नाही.

पुढे १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत इथे वर्षं काढली आणि इथले पक्षी मराठी पुस्तकांत आणून बसवले. हिवाळ्यात दूरदेशीची बदकं या पाण्यावर उतरतात. ती हजारो किलोमीटर उडून येतात ती कोलू पाटलाच्या तलावावर, याचा आमच्या घरी फार अभिमान आहे. जणू पत्रिका आम्हीच पाठवली होती.

तर चढाई. टेकडीवर हिलटॉप गार्डन आहे. लेकरं पळत वर जातात, पळत खाली येतात आणि "झालं?" म्हणून पुन्हा वर जातात. भाटवे मोबाइलवर पावलं मोजतात. मायचं गुडघ्याचं दुखणं जुनं; ती चार पावलं चढते आणि वळून तलाव बघते, पुन्हा चार पावलं, पुन्हा तलाव. तिला विचारलं, दम लागला का, तर म्हणते, "दम कायचा? वरून बी हेच दिसते ना जी, मंग आत्ताच पाहून घेतो." पुण्याच्या भाच्याने एकदा या चढणीला 'अगदीच सोपी' म्हणून नाक मुरडलं होतं. पण त्याच्या अवघड डोंगरांवरच्या फोटोंत मी आजतागायत एकही आजी पाहिलेली नाही. आमच्या फोटोत आजी असते, कडेवरचं बाळ असतं, भाताचा गंजसुद्धा असतो.

याच भाच्याला मी फोनवर सांगितलं, की परतताना प्रतापगडही केला. तो चाट पडला. "एका दिवसात? मामा, साताऱ्याला?" त्याच्या डोळ्यांपुढे १६५९, शिवाजी महाराज आणि अफझलखान. आमचा प्रतापगड अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तिथे डोंगरावर महादेव आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा. महाशिवरात्रीला मैदान माणसांनी भरून जातं आणि दोन्हीकडे नारळ फोडणारी माणसं पुष्कळदा तीच असतात. आमचे भाटवे त्यांतलेच.

तिथून जवळच तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्गेलिंग. १९७२ पासूनची. जगातले सगळ्यांत उंच डोंगर सोडून आलेली ही माणसं आमच्या या ठेंगण्या टेकड्यांच्या कुशीत येऊन राहिली. लेकरांना मोमो हवे होते म्हणून गाडी थांबवली. मोमो येईपर्यंत माय एका म्हाताऱ्या तिबेटी बाईजवळ जाऊन बसली. दोघींची हिंदी सारखीच, म्हणजे दोघींचीही नाही. मायने चौकशी सुरू केली. तुमच्याकडचे डोंगर मोठे म्हणतात, खरं काय? बाईने हात आभाळाकडे नेला. मग पाणी? बाई म्हणाली, पाणी कुठलं, वर सगळा बर्फ.

माय विचारात पडली. एवढा मोठा डोंगर आणि पाळ घालायला पाणी नाही!

"मंग धानाची रोवनी कवा करत होता जी तुमी?"

बाई दात नसलेलं हसली. "रोवनी तो इधर आके सीखा."

एवढं ऐकल्यावर मायने पदर सावरून नीट बैठक मारली. एचएमटी लावता का जाड धान, तुडतुडा आला होता का, मजुरी काय चालली आहे, असं सुरू झालं ते थांबेना. लेकरांचे मोमो खाऊन झाले, भाटव्यांनी दुसरी प्लेट मागवून तीही संपवली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मायने तिकडे न बघताच हात केला, की थांब जरा, अजून खताचं विचारायचं राहिलं आहे.