जागा

‘जागा आहे का?’ हा प्रश्न आपण जन्मभर विचारत असतो. बालवाडीच्या फाटकापाशी आईवडील तो आपल्या वतीने विचारतात. पुढे लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी आपण तो नुसत्या भुवईने विचारतो आणि लग्नाच्या पंगतीत खुर्चीमागे उभं राहून मनातल्या मनात. इतक्या सरावानंतर त्याची लाज वाटायला नको. पण डिसेंबरच्या अखेरीस, बोधगयेच्या रस्त्यावर, खांद्याला पिशवी आणि डोक्यावर माकडटोपी अशा अवतारात मी तो अकराव्यांदा विचारला, तेव्हा माझा आवाज गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या लहान मुलासारखा झाला होता. मागणारा तोच, पण मिळणार नाही हे आधीच ठाऊक असलेला.

खोली मी आधी ठरवली नव्हती. ज्याने राजवाडा सोडला त्याच्या गावी जायचं आणि त्याआधी खोलीची पावती फाडायची, हे मला रसभंगाचं वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी आळस केला होता. पण आळसाच्या अंगात तत्त्वज्ञानाचा सदरा फार छान बसतो. धुक्यातून चाचपडत आलेल्या गाडीने मला गयेला उतरवलं, तिथून टोटोने, म्हणजे ई-रिक्षाने, बोधगयेत आणलं आणि मग कळलं, की हिवाळा हा या गावाचा चातुर्मास आहे. हिमालयातून किरमिजी चिवरं उतरतात, लंका-थायलंडहून केशरी चिवरं येतात, त्रिपिटकाचं पठण होतं, प्रार्थनांचे सोहळे भरतात. भर पावसाळ्यात पंढरपुरात एकादशीला आयत्या वेळी पोचून ‘एखादी हवेशीर खोली मिळेल का’ असं विचारणाऱ्या माणसाकडे वारकरी ज्या करुणेने पाहतील, त्या करुणेने गाव माझ्याकडे पाहत होतं.

बोधगयेची एक गंमत अशी, की इथे जवळजवळ प्रत्येक बौद्ध देशाने आपापला विहार बांधून ठेवला आहे. त्यामुळे पायी फिरणारा माणूस एका दुपारी अर्धा आशिया ओलांडतो. थायलंडची सोनेरी, वर वळलेली छपरं संपतात न संपतात तो भूतानच्या नक्षीदार खिडक्या लागतात. वळण घेतलं की जपानचं नीटनेटकं लाकूड आणि पुढे ऐंशी फुटांचा दगडी बुद्ध, १९८९ पासून कमळावर निवांत बसलेला. त्याच्याकडे पाहून मला पहिल्यांदाच कुणाच्या तरी बैठकीचा हेवा वाटला. अनेक विहारांत यात्रेकरूंना अल्प दानात खोली मिळते. मी देशोदेशीच्या दारांत उभा राहिलो आणि देशोदेशीचे नकार गोळा केले. एका दारात कोवळ्या वयाच्या भिक्खूने दोन्ही हात जोडून इतकं गोड हसत ‘नाही’ म्हटलं, की तो नकार पुन्हा एकदा ऐकायला जावंसं वाटलं. दुसऱ्या दारातल्या गृहस्थांनी माझ्यासमोर जाडजूड वही उघडली आणि भरलेल्या ओळींवरून हळूहळू बोट फिरवलं. कुंडलीतला मंगळ दाखवावा तसं. बाजारातल्या एका लॉजमध्ये मात्र खोली होती. तिला खिडकी नव्हती. खिडकीच्या जागी बर्फाच्छादित डोंगर आणि निळं तळं असलेलं पोस्टर चिकटवलं होतं. भाडं दोन हजार दोनशे. दृश्याचे पैसे त्यात धरले आहेत का, हे विचारायचं राहून गेलं.

आमची एक आत्या साठ वर्षांपूर्वी गयेला जाऊन आली होती. गयेला गेलं की एखादी आवडती वस्तू कायमची सोडायची, अशी रीत. आत्याने कारलं सोडलं. कारलं तिने आधीही कधी खाल्लं नव्हतं. पण त्यानंतर पानात कारलं आलं, की ती ज्या संथ, विरक्त हाताने ते बाजूला सारायची, त्या हाताला तोड नव्हती. त्या दुपारी मला आत्याची आठवण झाली, कारण दर दारापाशी माझंही काहीतरी सुटत होतं. पहिल्या नकाराला गिझर सुटला. तिसऱ्याला खोलीतलंच न्हाणीघर गेलं. पाचव्याला खिडकी, सातव्याला शांतता, नवव्याला ‘एकट्याची खोली’. फरक एवढाच, की आत्याने न आवडणारं सोडलं होतं आणि मी न मिळणारं. दोन्ही त्यागांना पुण्य सारखंच मिळत असावं, म्हणजे फारसं नाही.

थकून एका कट्ट्यावर टेकलो. समोर निरंजना नदी होती. म्हणजे नदीची जागा होती, पाणी नव्हतं. पुढे मोहनेला मिळून ती फल्गू होते. हिवाळ्यात तिचं पात्र म्हणजे लांबलचक पिवळी वाळू आणि मधून पायी पलीकडे जाणारी माणसं. तिच्याकडे पाहताना एकदम ध्यानात आलं, की या गावाची मूळ गोष्टच जागा शोधण्याची आहे. सिद्धार्थ गौतम इथे आला तेव्हा त्याला काय दिसलं, हे त्याने पुढे भिक्खूंना सांगितल्याचं पाली सुत्तात आहे: रम्य झाडी, स्वच्छ वाहती नदी, सुंदर काठ आणि भिक्षेसाठी जवळच गाव. आजचा प्रवासी मुक्कामाच्या जागेबद्दल जे लिहितो, ते याहून वेगळं काय असतं? फक्त न्हाणीघराचा उल्लेख नाही. ह्युएनत्संगाने नोंदवलेली आख्यायिका तर मला फारच धीर देऊन गेली. त्यानुसार गौतम आधी नदीपलीकडच्या प्राग्बोधी डोंगरावर बसायला गेला होता. पण डोंगर हादरला आणि देवाने सांगितलं, ‘ही ती जागा नव्हे, पुढे जा.’ जातककथांच्या प्रस्तावनेत आणखी एक बारकावा आहे. पिंपळाखाली आल्यावरही तो आधी दक्षिणेला उभा राहिला, मग पश्चिमेला, मग उत्तरेला. प्रत्येक वेळी जमीन कलल्यासारखी झाली. शेवटी पूर्वेची बाजू स्थिर निघाली आणि तिथे तो बसला. म्हणजे बोधी मिळण्याआधी त्यालाही चार दारं फिरावं लागलं होतं. बोधीनंतर तो याच परिसरात सात आठवडे राहिला आणि तेही मुक्काम बदलत बदलत. एका आठवड्यात पाऊस कोसळला, तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजाने फणा धरून त्याला आडोसा दिला. त्या नागाने आधारकार्डाची झेरॉक्स मागितली नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

माझ्यासारखे हात हलवत परतलेले लोक इतिहासातही आहेत, हे तर मोठंच सांत्वन. चौथ्या शतकात लंकेहून काही भिक्खू इथे आले. त्यांची नीट सोय झाली नाही. परत जाऊन त्यांनी आपल्या मेघवर्ण राजाकडे गाऱ्हाणं केलं: सगळ्या जंबुद्वीपात धड राहायला जागा नाही. राजाने रत्नं देऊन वकील पाठवले, ते थेट समुद्रगुप्ताच्या दरबारी. सम्राटाने परवानगी दिली आणि बोधिवृक्षाजवळ लंकेच्या यात्रेकरूंसाठी विहार उभा राहिला. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने तो नांदता पाहिला. एका रात्रीच्या गैरसोयीतून आंतरराष्ट्रीय करार! नंतर, १८९१ सालच्या जानेवारीत, लंकेचाच एक सव्वीस वर्षांचा तरुण, अनागारिक धर्मपाल, इथे पोचला आणि ब्रह्मदेशच्या राजाने बांधलेल्या धर्मशाळेत उतरला. पाहुणा म्हणून आलेल्या या तरुणाने महाबोधी विहारासाठी उरलेलं आयुष्य वेचलं. ‘अनागारिक’ म्हणजे घर नसलेला. घर नसलेल्या माणसाला धर्मशाळेत जागा मिळाली, तर तो तिचं काय काय करू शकतो!

जागेच्या बाबतीत खरा निर्धास्त प्राणी एकच, तो म्हणजे पिंपळ. तो कुणाला विचारत नाही. आमच्या गावी त्याने पोस्टाच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात आणि बंद पडलेल्या शाळेच्या घंटेशेजारी बिऱ्हाडं केली होती. शिवाय स्वतः बिनभाड्याने राहून तो मुंज्याला पोटभाडेकरू ठेवायचा. संध्याकाळनंतर आम्हा पोरांना त्या पारावर बसायची मनाई असे. ज्या झाडाखाली एकाची सगळी भीती गेली, त्याच जातीच्या झाडाखालून जाताना आम्ही डोळे मिटून पळायचो. बोधगयेचा आजचा पिंपळ जुना वृक्ष कोसळल्यावर १८८० च्या सुमारास लावलेला, त्याच परंपरेतला वारस मानतात. लोखंडी आधारांवर फांद्या टेकून तो उभा आहे, नातवाच्या खांद्यावर हात ठेवलेल्या आजोबांसारखा.

अंधार पडू लागला. चहाच्या टपरीवर उभा होतो. दुधाला उकळी यावी तसं धुकं रस्त्यावर वर येत होतं. तेवढ्यात कानावर शब्द आले, ‘अवो, साखर कमी टाका म्हना त्याले.’ आठशे मैलांवर आपली भाषा ऐकली, की गारठलेले पाय कढत पाण्यात सोडल्यासारखं होतं. पांढऱ्या लुगड्यातल्या चार-पाच बाया होत्या, यवतमाळकडच्या. १९५६ च्या दसऱ्याला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हापासून त्या मातीतून या पिंपळाकडे एक वाट पडली आहे. कोल्हापूरहून धनबादला जाणारी, गयेला थांबणारी गाडीसुद्धा दीक्षाभूमी एक्स्प्रेस नाव लावते. त्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजींनी माझ्या माकडटोपीकडे पाहून निदान केलं. ‘जय भीम. मराठी होय ना तुम्ही? एकटेच आले काय? उतरले कुठं?’ तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे त्यांना लगेच कळलं. ‘मंग या न. आम्ही चाळीस जन आहो एका हॉलात. चार बोटं सरकलं का मानूस मावते.’

आणि मावलं. हॉलच्या एका बाजूला बायका, दुसरीकडे पुरुष, मध्ये पिशव्यांची भिंत. दाराशी त्यांनी गावाहून आणलेली शेगडी, पिठलं, ज्वारीच्या भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. आजींचे यजमान ‘सरका रे’ म्हणाले आणि गाडीचे डबे सांधताना उठते तशी एक हालचाल चटयांच्या रांगेतून शेवटपर्यंत गेली. टोकाला भिंतीलगत माझ्या देहाएवढी मोकळी पट्टी उरली. तिच्यावर आडवा झालो आणि मला भाजे, कान्हेरी इथल्या कोठड्या आठवल्या: अंधाऱ्या, चौकोनी, आत एक दगडी ओटा, माणूस निजेल एवढाच. शाळेच्या सहलीत आम्ही त्यावर झोपून फोटो काढले होते आणि ‘ही कसली खोली’ म्हणून हसलो होतो. पण बाहेरच्या शिलालेखांत कुणाकुणाची नावं आहेत. कुणी व्यापारी, कुणी गृहपतीची बायको. कुणी लेणं दिलं, कुणी पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कातळाला माणसांनी ‘सरक रे’ म्हटलं होतं आणि तो चार बोटं सरकला होता. दान म्हणजे बहुधा तेवढंच.

इथे निबंध संपला असता तर मी बरा माणूस ठरलो असतो. पण जागा मिळून दहा मिनिटं झाली आणि दिवसभरात सोडलेलं सगळं एकेक करून परत यायला लागलं, तेही उलट्या क्रमाने. आधी एकटेपण हवंसं वाटलं, कारण शेजारचे काका घोरू लागले होते. त्यांचं घोरणं डोंगर चढणाऱ्या एस. टी.सारखं होतं, दर वळणावर आता थांबेल असं वाटायचं. मग शांतता आठवली. मग खिडकी, मग न्हाणीघर. मध्यरात्री मी गिझरपर्यंत पोचलो होतो. त्या पोस्टरमधल्या निळ्या तळ्याचीसुद्धा मला ओढ लागली. आत्या शहाणी होती. सोडायचं तर कारलं सोडावं. ते निदान परत येत नाही.

कधीतरी डोळा लागला असावा. कुणीतरी पायाचा अंगठा हलवला. दिवा लागला नव्हता. हातात वाफाळता पेला, डोक्यावरून शाल, आजी माझ्या पायथ्याशी उभ्या होत्या. पहाटेचे चार. पाचला विहाराचं दार उघडतं. ‘जागा झाला काय रे बापा?’

रात्रीतून मी ‘तुम्ही’चा ‘तू’ झालो होतो. ‘तुम्ही’ राहिलो असतो, तर ‘जागे’ झालो असतो आणि हा चमत्कार हुकला असता. मराठीत जागा हे दोन शब्द आहेत. एक फारसीतून आला, दुसरा संस्कृतातून. एक झोपण्यासाठी लागतो, दुसरा झोप उडाल्यावर. वेगवेगळ्या गावांहून आलेले हे दोन प्रवासी आपल्या भाषेत शतकानुशतकं एकाच खोलीत, एकाच पांघरुणात राहतात आणि कुणाची तक्रार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी इथून हाकेच्या अंतरावर एक माणूस जागा झाला, म्हणून तर त्याला बुद्ध म्हणायचं. आणि मी काल दिवसभर त्याच्या गावात दारोदार तोच शब्द घेऊन हिंडत होतो, फक्त चुकीच्या अर्थाने.

आजी उत्तराची वाट पाहत होत्या. शेजारच्या एस. टी.ने घाट चढून इंजिन बंद केलं होतं.

‘होतोय,’ मी म्हणालो.

‘होता होता उजाडून जाईन,’ आजी म्हणाल्या. ‘चहा घे आधी.’