आप्पा, पाहा सूचीकार

पुस्तक मागच्या बाजूने उघडणारी माणसं दोन प्रकारची. एक, आपलं नाव आलंय का ते बघणारी. आणि दुसरी, आलेलं नाव नीट जागी लागलंय का ते बघणारी. पहिल्या प्रकारात बहुतेक साहित्यिक मोडतात. दुसऱ्या प्रकारात आप्पा.

आप्पा शब्दसूच्या करतात. पुण्यातल्या प्रकाशनांच्या कचेऱ्यांत असा एखादा आप्पा वर्षानुवर्षं येऊन-जाऊन असतो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तांबडं पेन आणि दुसऱ्याच्या हातातल्या पुस्तकाची शेवटची पानं चाळण्याची खोड. सूची नसलेलं जाडजूड चरित्र हाती लागलं, तर ते खाली ठेवून रुमालाने हात पुसतात. सूचीकार शं. ग. दाते यांचं नाव निघालं की मात्र हात जोडतात. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची दात्यांनी १९४३ साली काढली, हे दर भेटीत सांगतात. आपण ‘माहीत आहे’ म्हटलं, तर दुसऱ्या भागाविषयी सांगतात.

सूचीत त्यांचा खरा जीव ‘पाहा’च्या नोंदीत, म्हणजे वाचकाला एका नावावरून दुसऱ्या नावाकडे धाडणाऱ्या नोंदीत. “पानाचा आकडा काय, यंत्रसुद्धा देतं. वाचक कुठे चुकणार, हे आधी ओळखायला माणूस लागतो,” असं त्यांचं म्हणणं. आणि मराठी वाचकाने चुकावं याची चोख व्यवस्था मराठी कवींनी करून ठेवलेलीच आहे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. गडकऱ्यांनी कवितेसाठी गोविंदाग्रज आणि विनोदासाठी बाळकराम अशी दोन नावं घेतली, म्हणजे ‘पाहा’ही दोन. टोपणनाव घेताना यांतल्या एकालाही सूचीकाराची दया आली नाही, अशी तक्रार करताना आप्पांचा चेहरा फुललेला असतो.

पूर्वी हे सगळं कार्डांवर चाले. आता डीटीपीवाल्या पोराच्या शेजारी खुर्ची ओढून आप्पा इनडिझाइनमध्ये बसतात. इंडेक्सचं पॅनेल उघडायचं, नवा क्रॉस-रेफरन्स घ्यायचा, इंग्रजी ‘सी’ काढून तिथे आपलं ‘पाहा’ घालायचं. वर ‘केशवसुत’. खालच्या चौकटीत ‘दामले, कृष्णाजी केशव’ हे नाव यादीतून माउसने ओढून आणायचं. पोरगं ते पटकन टाइप करायला जातं, तेव्हा आप्पा त्याचं मनगट धरतात. “ओढ! टाइप नको.” कारण एखादी स्पेस किंवा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तर यंत्र तो निराळाच माणूस समजतं.

यंत्राच्या अकारविल्हेवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. नुसत्या युनिकोडच्या क्रमाने गेलं तर ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून बसतो आणि काळे मंडळी काशीकरांच्या आधी येतात. बाराखडी शिकलेला मराठी माणूस ‘ळ’ शोधतो ‘ह’नंतर. मग आप्पा काळ्यांच्या समोर ‘सॉर्ट बाय’च्या रकान्यात ‘काह्ळे’ असं काहीतरी भरतात. छापून येतं काळे, बसतात मात्र काशीकरांच्या नंतर. यंत्राला असं फसवलं की त्या दिवशी पोराला चहा मिळतो.

एकदा पोराने आप्पांच्या गैरहजेरीत तीन नोंदी केल्या. ‘खरे, बाळूताई, पाहा बेडेकर, मालतीबाई’. ‘बेडेकर, मालतीबाई, पाहा शिरूरकर, विभावरी’. आणि ‘शिरूरकर, विभावरी, पाहा खरे, बाळूताई’. तिन्ही नावं एकाच लेखिकेची, तिन्ही खरी, आणि पानाचा आकडा एकीपाशीही नाही. यंत्राने हूं की चूं न करता सगळं स्वीकारलं. आप्पा प्रूफ बघून म्हणाले, “सरकारी कचेरीतसुद्धा तिसऱ्या खिडकीवर निदान ‘उद्या या’ म्हणतात रे!”

लेखकांचं आणि त्यांचं फारसं जमत नाही. एका निवृत्त प्राध्यापकांनी आत्मचरित्राच्या सूचीत आपल्या टीकाकाराच्या नावापुढे ‘पाहा मत्सर’ असं घालायला सांगितलं. आप्पांनी साफ नकार दिला. सभ्यतेचा प्रश्न नव्हता. “मत्सर हा शब्द तुमच्या पुस्तकात एकाही पानावर नाही. वाचक तिथे जाऊन करणार काय? आधी मत्सरावर दोन पानं लिहा, मग बघू.” प्राध्यापकांनी चार लिहिली.

घरीही तेच. टेलिफोनच्या वहीत ‘प्लंबर, पाहा नळ’ आणि ‘नळ, पाहा गळती’ अशा नोंदी होत्या. एकदा स्वयंपाकघरातला नळ तुटला. वहिनी ‘प’वरून ‘न’वर, तिथून ‘ग’वर पोचेपर्यंत पाणी दिवाणखान्यात पोचलं. वहिनींनी तो नंबर कोळशाने थेट भिंतीवर लिहून टाकला. आप्पांनी भिंतीला काही केलं नाही. वहीत ‘गळती’पुढचा नंबर तेवढा खोडला आणि लिहिलं, ‘पाहा भिंत’.

परवा एका वाङ्मयेतिहासाच्या वेळी प्रकाशक अडून बसले. पुस्तक फर्म्यात बसत नव्हतं, दोन पानं जास्त होत होती. “पाहाच्या नोंदी काढा. ज्याला माहीत आहे त्याला माहीतच असतं.” आप्पा म्हणाले, “ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी सूची करतच नाहीत.” प्रकाशक इरेला पेटले. “बरं, हे बघा, मी कवी अनिलांचं पान काढून दाखवतो,” म्हणत त्यांनी प्रूफाचा ‘अ’ काढला. तिथे ‘अनिल, पाहा देशपांडे, आत्माराम रावजी’. मुकाट्याने ‘द’वर गेले, पान सापडलं, आणि तोंडून निघून गेलं, “अरेच्चा, अनिल म्हणजे देशपांडे होय?”

आप्पा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. खिशातलं तांबडं पेन काढून त्यांनी प्रकाशकांनी मारलेल्या काटाखाली टिंबं दिली आणि समासात ‘राहू द्या’ लिहिलं. नोंदी वाचल्या. दोन पानं मात्र कुठून तरी जायलाच हवी होती. प्रकाशकांचं मनोगत बरोबर दोन पानांचं होतं.